पाव किलो सोडियम

विठ्ठल जगदाळे दहावीला दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा विज्ञानातच. खटाव तालुक्यातलं गाव सोडून तो ठाण्याला चुलत्याकडे आला, वर्षभर इकडेतिकडे हेलपाटे घातले आणि एक्क्याण्णव साली बाळकुमच्या एका मराठी शाळेत शिपाई म्हणून चिकटला. घंटा, टपाल, ऑफिस ही कामं जुन्या शिपायांनी आधीच वाटून घेतली होती. उरली होती प्रयोगशाळा. तिथे जायला कुणी तयार नसे, कारण ॲसिडने कपड्यांना भोकं पडायची आणि काच फुटली की जाब द्यावा लागायचा. विठ्ठल नवा, म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली. पुढे कागदोपत्री तो प्रयोगशाळा परिचर झाला आणि तेहतीस वर्षं त्याच खोलीत राहिला.

त्याला शिकवलं ते गुर्जरबाईंनी. सरोज गुर्जर डोंबिवलीहून यायच्या आणि नववी-दहावीला विज्ञान घ्यायच्या. स्वभाव कडक, पण समजावून सांगताना समोर विद्यार्थी आहे की शिपाई, असा भेद त्यांनी कधी केला नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी कपाटातून एक रुंद तोंडाची तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. आत रॉकेल होतं आणि तळाशी काळपट, ओबडधोबड ढेकळं.

"हा सोडियम. धातू आहे," बाई म्हणाल्या.

विठ्ठलने धातू म्हणून लोखंड, तांबं, पितळ पाहिलं होतं. बाईंनी चिमट्याने एक ढेकूळ काढलं, टिपकागदावर कोरडं केलं आणि साध्या सुरीने कापलं. साबणाची वडी कापावी तसं ते कापलं गेलं. आतून चांदीसारखं लख्ख निघालं, आणि विठ्ठल बघतोय तोवर त्या चकाकीवर राखाडी साय धरली.

"हवा लागली की असं होतं. पाण्याशी तर याचं मुळीच जमत नाही. म्हणून याला रॉकेलात बुडवून ठेवायचं."

मग त्यांनी हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा पाण्याच्या परातीत टाकला. तुकडा वितळून गोळी झाला, फुसफुसत पाण्यावर इकडून तिकडे पळाला आणि पळता पळता संपला. बाईंनी पाण्यात आम्लारी ओळखणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब सोडले तर सगळी परात गुलाबी झाली. सोडियमच्या वर लिथियम, खाली पोटॅशियम, हे सगळे एका घरातले, अल्कली धातू. सगळ्यांच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो देऊन टाकायची त्यांना घाई असते. जितकं खाली जावं तितका तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब पडतो आणि तितकी घाई वाढते. विठ्ठलला इलेक्ट्रॉन कळला नाही. खाली जाल तसं जपून राहायचं, एवढं मात्र कळलं.

ते पक्कं कळायला आणखी दोन वर्षं गेली. एकदा प्रयोग झाल्यावर घाईघाईत त्याने वापरलेले टिपकागद बेसिनमध्ये टाकले. कागदाला सोडियमचा चुरा लागलेला, बेसिन ओलं. भप्पकन जाळ झाला आणि त्याची डावी भुवई गेली. बाई रागावल्या नाहीत. बर्फाचा फडका देत एवढंच म्हणाल्या, "आता तुम्हाला सांगायला नको." भुवई परत आली, पण पुन्हा कधी विठ्ठलने त्या बाटलीजवळ ओलं फडकं नेलं नाही.

तेव्हा दहावीच्या चार तुकड्या होत्या. पाड्यावरची आगरी मुलं, गिरणीतून बाहेर पडलेल्यांची मुलं, कंपन्यांतल्या कामगारांची मुलं. सोडियमच्या दिवशी विठ्ठल चार वेळा परात धुवायचा, कोरडी करायचा, चार वेळा तुकडे कापायचा. मागच्या मुली बाकावर चढून बघायच्या. तो दिवस संपला की त्याची कंबर मोडून यायची.

मग बाळकुमच्या शेतांत टॉवर उभे राहिले. टॉवरमधली मुलं इंग्रजी शाळांत गेली, आणि हळूहळू पाड्यावरचीही त्यांच्यामागे गेली. चाराच्या दोन तुकड्या झाल्या, दोनाची एक. गुर्जरबाई चौदा साली निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावायला सुरुवात केली. व्हिडिओत पोटॅशियम जांभळ्या ज्वाळेने पेटायचं, सीझियमने काचेचं भांडं फुटायचं, आणि मुलं म्हणायची, सर परत लावा. खऱ्या बाटलीची कुणाला गरज उरली नाही.

विठ्ठल मात्र दर दोन महिन्यांनी ती उघडून आतली पातळी बघायचा. सोडियम उघडं पडता कामा नये. पुढे रेशनवरचं रॉकेल बंद झालं, तेव्हा त्याने बाईंना फोन करून विचारलं आणि मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन, पोट साफ व्हायला देतात ते तेल, आणायला लागला. दोन-तीनदा बाटली नेल्यावर दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "काका, पोटाचा त्रास फार आहे का? डॉक्टरला दाखवा एकदा." आता याला सोडियम कुठून समजावत बसायचं, म्हणून विठ्ठल "हो, दाखवतो" म्हणाला आणि निघाला.

यंदाच्या दहावीत चौदा मुलं होती. त्यांची परीक्षा झाली आणि संस्थेने माध्यमिक विभाग बंद केल्याचं पत्र आलं. शिक्षक आणि शिपाई अतिरिक्त ठरले, म्हणजे जिथे जागा असेल तिथे जायचं. विठ्ठलच्या निवृत्तीला तेव्हा सव्वा वर्ष उरलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेचा ॲडमिन सलिल आला. तिशीतला मुलगा, चष्मा, गळ्यात आयकार्ड, तीन शाळांचं काम एकट्याच्या डोक्यावर. त्याचा फोन सतत वाजत असे आणि तो प्रत्येक वेळी "हो सर, करतोय सर" म्हणत असे.

"विठ्ठलकाका, तीस तारखेपर्यंत लॅब रिकामी हवी," तो म्हणाला. "एक तारखेला कॉन्ट्रॅक्टर येतोय. कपाटांची दुसरी चावी माझ्याकडे द्या, मला लिस्ट करायचीय."

भंगारवाला विकी येऊन स्टँड, तराजू आणि मोडक्या खुर्च्या घेऊन गेला. काचसामान आणि बाकीची रसायनं संस्थेच्याच दुसऱ्या शाळेने मागून घेतली. त्यांनाही सोडियम नको होतं. त्यांच्याकडे प्रोजेक्टर होता.

"मग खाडीत टाकून देऊ," सलिल म्हणाला.

"साहेब, पाव किलोची बाटली आहे, निम्मी भरलेली. एकदम पाण्यात टाकलं तर जो टाकील त्याचाच जीव जायचा."

सलिलने मोबाईलवर शोधलं, एक व्हिडिओ पाहिला आणि खाडीचा विषय सोडला. पुढचे चार दिवस त्याने फोन केले. एका ठिकाणी सांगितलं, कचरा गाडीत असलं चालत नाही. दुसरीकडे म्हणाले, आग लागली तर बोलवा, लागली नसेल तर आम्ही काय करणार. घातक कचरा उचलणाऱ्या एका कंपनीने सांगितलं की आधी नोंदणी करा, त्याला दीड महिना लागेल. पाचव्या दिवशी सलिल प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, हे विकत घेताना कुणी विचार केला नसेल का हो, की संपवायचं कसं?"

"तवा शाळा बंद पडंल असं कुणाला वाटलंवतं, साहेब."

रविवारी विठ्ठल डोंबिवलीला गुर्जरबाईंकडे गेला. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, गुडघे गेलेत. दोन वर्षांत त्या चार-पाचदाच खाली उतरल्या होत्या. त्यांनी विठ्ठलला खुर्चीवर बसवलं, स्वतः भिंतीला धरून चहा केला आणि मग शाळेचं ऐकून घेतलं. "चौदा मुलं," एवढंच दोनदा म्हणाल्या.

सोडियमचं मात्र त्यांनी नीट लिहून दिलं. पाणी वापरायचं नाही. वागळे इस्टेटमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पाच लिटरचा कॅन आणायचा. अल्कोहोलमध्येही सोडियम विरघळतो, पण सावकाश. एका वेळी वाटाण्याएवढा एक तुकडा, तो पूर्ण गेल्यावरच पुढचा. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या, पंखा बंद, जवळपास ठिणगी नको. सगळं संपलं की रात्रभर ठेवायचं, मग थोडं थोडं पाणी, मग व्हिनेगर, आणि लिटमसचा रंग बदलेनासा झाला की बेसिनमध्ये ओतायचं.

"सलिल साहेब म्हणत होते, कोविडातल्या सॅनिटायझरचे कॅन पडलेत. त्यातबी अल्कोहोलच हाय म्हणं."

"त्यात पाणी असतं, विठ्ठल. ते चालणार नाही."

मग विठ्ठलने मोबाईल पुढे केला. कपाटाच्या अगदी मागे एक लहान बाटली सापडली होती, तिच्यावरची चिठ्ठी पुसट झालेली. बाईंनी चष्मा वर करून फोटो जवळ घेतला. आतल्या खड्यांवर पिवळं-नारिंगी कवच चढलेलं दिसत होतं.

"हे पोटॅशियम. मी आणवलं होतं, एकदाच. मग भीती वाटली म्हणून कधी काढलंच नाही, आणि विसरले." त्यांनी मोबाईल परत दिला. "तेलात राहूनही याच्यावर असं कवच चढतं. आता याला सुरी लावली तरी स्फोट होऊ शकतो. तुम्ही हलवूसुद्धा नका. केदार म्हणून माझा विद्यार्थी आहे, कल्याणला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. मी त्याला सांगते."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "माझ्या हातून राहिलेलं काम तुमच्यावर पडलं," त्या म्हणाल्या. विठ्ठल जिना उतरून आला.

मंगळवारी काम सुरू झालं. एप्रिलचं ऊन, पंखा बंद, अंगात जाड सुती कोट, डोळ्यांवर जुना गॉगल. विठ्ठल चिमट्याने एक ढेकूळ काढायचा, टिपून कोरडं करायचा, वाटाण्याएवढा तुकडा कापायचा आणि काचेच्या भांड्यातल्या अल्कोहोलमध्ये सोडायचा. तुकड्याभोवती बुडबुडे यायचे. ना जाळ, ना आवाज. दहा-बारा मिनिटांनी तो दिसेनासा व्हायचा. मग दुसरा. शेजारी वाळूची बादली. तीन भांडी आलटून पालटून चालवली तरी दिवसाकाठी पन्नासेक तुकडे व्हायचे. संध्याकाळी बोटं आखडून जायची आणि घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

घरी त्याची बायको हौसाबाई म्हणायची, "अहो, तुम्ही एकटेच का करताय हे? शाळा बंद झाली, आता कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे, ते तिथं पडलंय."

गुरुवारी दुपारी दीड वाजता त्याने बाटली कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि खालच्या खोलीत डबा खायला गेला. दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच वरून फटाक्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ सलिलची किंकाळी.

कॉन्ट्रॅक्टरचा सलिलला फोन आला होता की माणसं उद्याच मोकळी आहेत, उद्याच काम सुरू करू. सलिलने दोन दिवस दारातून ते वाटाण्यांचं काम पाहिलं होतं. पाण्यात लवकर होतं, असं त्याने ऐकलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. त्याने आपल्या चावीने कपाट उघडलं, लिंबाएवढं एक ढेकूळ काढलं आणि कोपऱ्यातल्या फरशी पुसायच्या बादलीत टाकलं.

विठ्ठल वर पोचला तेव्हा बादलीचे तुकडे झाले होते, खोलीत पांढरा धूर होता आणि सलिल डावा हात धरून बेसिनकडे धावत होता. चष्म्याच्या काचेला तडा गेला होता, पण डोळे वाचले होते. हातावर आणि गालावर सोडियमचे बारीक कण चिकटले होते, तेच धुमसत होते.

विठ्ठलने त्याचं मनगट घट्ट पकडलं. "पाणी नको. थांबा."

"काका, जळतंय, सोडा मला."

"हे काढल्याबिगर पाणी लावलं तर आणखी जळंल. माझ्याकडं बघा. हलू नका."

त्याने चिमटा घेतला आणि गालावरचा एक, हातावरचे सहा कण भराभर उचलून पॅराफिनच्या वाटीत टाकले. मिनिटभराचं काम, पण सलिलला उभं ठेवायलाच त्याची सगळी ताकद लागली. मग त्याने नळ पूर्ण सोडला, सलिलचा हात धारेखाली धरला आणि ओंजळीने गालावर पाणी मारत राहिला. वीस मिनिटं तो तसाच वाकून उभा होता. मध्ये एकदा पडद्याच्या कडेला धूर दिसला तेव्हा त्याने तिथे वाळू फेकली आणि परत येऊन हात धरला. नंतर रिक्षा बोलावून तो सलिलला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने पट्टी बांधली आणि आधी कण काढले म्हणून जखम खोल गेली नाही असं सांगितलं. बाहेर बाकावर बसल्यावर विठ्ठलच्या लक्षात आलं की त्याने कोट अजून काढलाच नव्हता.

शनिवारी त्याला नोटीस मिळाली. धोकादायक रसायन निष्काळजीपणे ठेवल्यामुळे कर्मचाऱ्यास इजा झाली, तरी आपल्यावर कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. मुख्याध्यापिका कादंबरी राऊत यांनी ती त्याच्या हातात देताना मान वर केली नाही.

"मला वरून आलंय, विठ्ठलमामा. माझ्या हातात काही नाही."

उरलेल्या शिपायांनी सल्ला दिला की माफी मागून टाक, निवृत्ती तोंडावर आहे, पेन्शनचे कागद अडवतील. हौसाबाईही तेच म्हणाली. "सही करा आणि संपवा. तुमचं ऐकून कोण घेणारे?" मुलगी ऐश्वर्या म्हणाली की मी टाईप करून देते, कुणाचं नाव घेऊ नका. विठ्ठल रविवारी सकाळी चटईवर कोरा कागद घेऊन बसला. अर्ज कसा लिहायचा ते त्याला कधी जमलं नव्हतं. गावच्या जत्रेची रजासुद्धा तो कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. लिहिण्याचा एकच प्रकार त्याला पाठ होता. मुलांच्या प्रयोगवह्यांचे गठ्ठे त्याने तेहतीस वर्षं उचलले होते आणि प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावर मथळे तोच लिहून ठेवायचा. त्याने तसंच लिहायला घेतलं.

उद्देश, म्हणून लिहिलं: प्रयोगशाळेतील जुना सोडियम नष्ट करणे. साहित्य: यादी. कृती: मंगळवार ते गुरुवार काय काय केलं, किती तुकडे. गुरुवारी दीड वाजता बाटली कपाटात ठेवून कुलूप लावले. कपाटाची दुसरी चावी श्री. सलिल यांनी यादीसाठी मागितली म्हणून दिली होती. निरीक्षण: मी खाली असताना आवाज झाला, वर आलो, बादली फुटलेली दिसली, श्री. सलिल यांच्या गालावर एक व हातावर सहा कण होते, ते काढून पाण्याने धुतले. मग त्याने आणखी एक ओळ लिहिली: जेवायला जाताना मी बादलीतले पाणी ओतून बादली कोरडी केली नाही, ही माझी चूक. शेवटी अनुमान असा मथळा घातला आणि त्यापुढची जागा मोकळी सोडली.

सोमवारी राऊतबाईंनी कागद वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचला.

"अनुमान लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

"ते माझं काम न्हाई, बाई. झालं तेवढं मी लिहिलंय."

त्याच दिवशी सलिल आला. गालावर पट्टी, हात गळ्यात अडकवलेला. राऊतबाईंनी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने उभ्यानेच वाचला आणि खिडकीपाशी जाऊन मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. फोन वाजला, पण त्याने उचलला नाही.

"मॅडम, नोटीस काढा असं मी सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "पण संस्थेतून फोनवर विचारलं, कपाट उघडं होतं का, तेव्हा मी नाही असंही नाही म्हटलं. मी काहीच बोललो नाही."

तो विठ्ठलकडे वळला.

"काका, माझी नोकरी जाईल का?"

"ठावं न्हाई, साहेब," विठ्ठल म्हणाला. "माझंबी मला ठावं न्हाई."

सलिलने उजव्या हाताने पेन घेतलं, निरीक्षणाच्या खालच्या समासात "कपाट मी उघडले, सोडियम मी टाकला, वरील मजकूर खरा आहे" असं लिहिलं आणि सही केली. अनुमानाची जागा त्यानेही मोकळीच ठेवली.

कागद वर गेला. पंधरा दिवसांनी राऊतबाईंनी सांगितलं की नोटीस दप्तरी दाखल झाली, पुढे काही नाही. सलिलला संस्थेने लेखी ताकीद दिली आणि बाळकुमचं काम काढून घेऊन वसतिगृहाकडे पाठवलं. कॉन्ट्रॅक्टर आठवडाभर उशिराने आला, आणि त्या उशिराने कुणाचं काही अडलं नाही.

उरलेलं सोडियम विठ्ठलने त्याआधीच, खुलासा दिल्यानंतरच्या दोन दिवसांत संपवलं होतं. पहिल्या दिवशी सलिल दारापाशी वाळूची बादली घेऊन बसून होता. कुणी बोलावलं नव्हतं. एकदा सलिलने विचारलं, "शाळेत आम्हाला हे दाखवलंच नव्हतं. पाण्यावर खरंच पळतो का हा?" विठ्ठलने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. परात कपाटात होती, पाणीही होतं. पण त्याच्या पायांत गोळे आले होते आणि त्या दिवसाचे अजून तीसेक तुकडे बाकी होते.

"पळतो," तो म्हणाला, आणि तुकडा अल्कोहोलमध्ये सोडला.

केदार कल्याणहून शनिवारी आला. सोबत जाड पत्र्याचा डबा आणि कोरडी वाळू. त्याने विठ्ठलला बाजूला व्हायला सांगितलं, चेहऱ्यावर ढालीसारखी काच लावली, पोटॅशियमची बाटली हिंदकळू न देता दोन्ही हातांनी उचलली आणि वाळूत अलगद रोवली. कॉलेजात त्यासाठी काय करणार ते त्याने समजावून सांगितलं, पण विठ्ठलला त्यातलं निम्मंच कळलं. गाडी खड्डे चुकवत, माणूस चालेल त्या वेगाने गेटातून बाहेर पडली. मग विठ्ठलने गुर्जरबाईंना फोन करून सगळं गेल्याचं सांगितलं. बाई "बरं झालं" म्हणाल्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्याचं बोलत राहिल्या.

लिटमस आता ना लाल होत होता ना निळा. विठ्ठलने तिन्ही भांड्यांतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, वरून नळ सोडला, भांडी धुतली आणि पालथी घातली. धुवायची काही गरज नव्हती. बाकीचं काचसामान दुसऱ्या शाळेत आधीच गेलं होतं, ही तीन भांडी कुणीच नेणार नव्हतं.

जूनमध्ये त्याची नेमणूक शीळफाट्याच्या पुढच्या एका शाळेत झाली. घरून निघायला साडेपाच वाजतात, दोन बस बदलाव्या लागतात. तिथे प्रयोगशाळा नाही, वर्गातच कपाट आहे आणि त्याला कुलूप असतं. हेडसरांनी त्याचे कागद चाळले आणि विचारलं, "लॅबमध्ये होतात होय? इथे तसलं काम नाही, मामा. पोषण आहाराचे तांदूळ उतरवून घ्यायचे आणि गेटवर बसायचं. जमेल ना?"

"जमंल," विठ्ठल म्हणाला.

पहिल्या दिवशी सात पोती आली. संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. हौसाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "कशी आहे शाळा?"

"बरी आहे. लांब आहे," तो म्हणाला, आणि चपला न काढताच दाराशेजारच्या खुर्चीवर थोडा वेळ बसला.